जागा कुणाला, कुठे आणि किती दिवस: ठाण्यातल्या स्पर्धा परीक्षार्थींना खुले पत्र

प्रिय मुलामुलींनो,

सकाळी सहाला अभ्यासिकेच्या दारात चपलांची रांग लागते ती रात्री अकरापर्यंत हलत नाही. नौपाड्यात, चरईत, कळव्यात मी ती रोज बघते. शहापूर, मुरबाड, उरण, पार जव्हारहून तुम्ही ठाण्यात येऊन राहता, चौघांत एक खोली घेता, एक डबा दोन वेळा पुरवता. तुमच्यातले काही उद्या तहसीलदार होतील, काही पोलिसांत जातील, आणि एखादी मुलगी परराष्ट्र सेवेत जाऊन देशाच्या वतीने एखाद्या करारावर सही करेल. पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर ती सही आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून शनिवारी संध्याकाळी चार-पाच जण माझ्या घरी मुलाखतीचा सराव करायला येतात. परवा शहापूरच्या एका मुलीला मी विचारलं, "परराष्ट्र संबंधांविषयी आपल्याकडे काय विचार झाला आहे?" तिने न अडखळता सांगितलं: कौटिल्याचं मंडल, संधी-विग्रह-आसन-यान-संश्रय-द्वैधीभाव, मग थेट 1954 चं पंचशील, 1955 ची बांडुंग परिषद, अलिप्ततावाद. उत्तर चांगलं होतं. मी म्हटलं, "मधली दोन हजार वर्षं कुठे गेली? मराठीत, प्रत्यक्ष राज्य चालवलेल्या माणसाने काही लिहिलं आहे का?" ती लगेच म्हणाली, "आज्ञापत्र, रामचंद्रपंत अमात्य, 1715." "काय लिहिलंय त्यात?" ती गप्प झाली. बाकीचेही गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, नोट्समध्ये एवढंच आहे."

एका क्लासच्या नोट्स तिने दाखवल्या. जोड्या लावा, चार पर्याय, एक गुण. ज्या माणसाने मराठी राज्याचा सगळ्यात वाईट काळ निभावून नेला आणि उतारवयात काय राखायचं, कसं राखायचं ते लिहून ठेवलं, त्याची आपल्याकडे किंमत एक गुण. मला फार वाईट वाटलं. त्या मुलीचा यात काहीच दोष नाही. वर्षानुवर्षं आम्ही शिक्षकांनीच तिला असं शिकवलं.

म्हणून आधी माणूस सांगते. रामचंद्र नीळकंठ बावडेकर. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून उभे होते, म्हणजे राज्याचा जमाखर्च त्यांच्या हाताखालून जात होता. त्याच समारंभाला मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन आला होता, कंपनीच्या व्यापारी मागण्या घेऊन. इंग्रज माणूस दरबारात कसा वागतो, काय मागतो आणि कशासाठी थांबतो, हे अमात्यांनी जवळून पाहिलं. पुढे 1689 साली संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजीला जावं लागलं. जाताना त्यांनी मागचा सगळा मुलूख पंतांच्या हवाली केला आणि 'हुकूमतपनाह' हा किताब दिला. औरंगजेबाची फौज घाटावर, किल्ले एकामागून एक जातायत, खजिना रिकामा, आणि संताजी, धनाजी, शंकराजी नारायण, परशुरामपंत यांना धरून राज्य चालवायचं. ते त्यांनी चालवलं. मग ताराबाईंच्या काळातही ते कारभारात होते, पुढे कोल्हापूरच्या गादीकडे राहिले, आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे 1715 साली हे आज्ञापत्र झालं. वर्षभरात ते वारले.

एवढ्या अनुभवाचा माणूस परदेशांविषयी काय म्हणतो? त्या संध्याकाळी मी खाकी पुठ्ठा घातलेलं माझं जुनं पुस्तक काढलं आणि टोपीकरांचं, म्हणजे टोपी घालणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांचं, प्रकरण उघडून त्या मुलीच्या हातात दिलं. "मोठ्याने वाच." ती 'वलंदेज' ला अडली, मग 'डिंगमार' ला. डच आणि डेन, मी सांगितलं. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. मग 'आमदरफ्त' ला अडली. म्हटलं, फारसी शब्द आहे, ये-जा. 'खावंद' म्हणजे धनी. एवढे चार-पाच शब्द कळले की तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी तुम्हाला सरळ वाचता येतं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पुढचं पान तिने कुणाला दिलंच नाही.

प्रकरणाची मांडणी नीट बघा, कारण परराष्ट्र धोरणाचं याहून नेटकं टिपण मराठीत मला माहीत नाही. टोपीकरांच्या आधी साहुकार येतात. "साहुकार म्हणजे राज्याची व राजश्रीची शोभा," असं अमात्य सुरुवातीलाच म्हणतात. व्यापारी आला की न मिळणारा माल मिळतो, राज्य आबाद होतं, अडचणीला कर्ज उभं राहतं. म्हणून पेठा वसवा, परक्या मुलखांतून व्यापारी बोलावून आणा, त्यांना उपद्रव होऊ देऊ नका. व्यापाराला घाबरणारा हा माणूस नाही. आणि मग ते म्हणतात की टोपीकरही सावकारीच करतात, पण वरकड सावकारांसारखे ते नव्हेत. का? त्यांचे खावंद स्वतः राज्य करणारे आहेत. त्यांच्या हुकमाने, त्यांचे म्हणूनच हे लोक इथे येतात. आणि राज्य करणाऱ्याला जमिनीचा लोभ नाही, असं कुठे होतं का?

इथे मी त्या मुलीला थांबवलं. परक्याच्या रंगाविषयी, पेहरावाविषयी अमात्य इथे काही बोलत नाहीत. त्यांचा मुख्य प्रश्न एकच: या व्यापाऱ्याच्या मागे कोण उभा आहे? दारात आलेला माल तोच, भाव तोच, पण मागचा धनी बदलला की व्यवहाराचा अर्थ बदलतो.

मग सल्ला येतो. यांची ये-जा तेवढी असू द्यावी, कायमची जागा देऊ नये. जलदुर्गांच्या जवळ त्यांना फिरकू देऊ नये. वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीशेजारी, समुद्रतीरी देऊ नये, कारण आरमार, तोफा आणि दारूगोळा हेच त्यांचं बळ. पाठीशी आरमार असलं की त्या बंदरात ते नवा किल्लाच उभा करतील. "हातास आले स्थळ मेलियानेही सोडावयाचे नव्हेत." म्हणून जागा आत, मोठ्या गावाच्या आधाराने, सखल भागात द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. असं राहायला कबूल असतील तर उत्तम, नसतील तर त्यांच्यावाचून अडत नाही. आणि एवढा कडक माणूस लगेच हेही सांगतो की लढाईत शत्रूच्या मुलखातले व्यापारी हाती लागले तर त्यांना शत्रूच्या चाकरासारखं शासन करू नये, इतमामाने वागवून सोडावं.

हे सगळं अनुभवातून आलेलं आहे. 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला होता. राजापूरला त्याला जागा होती ती व्यापारासाठी. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर मारलं आणि इंग्रजांना कैदेत टाकलं, ते अशा वागणुकीमुळेच. अमात्य वखार म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात राजापूर असणारच.

आता आपल्या गावात या.

कळवा पुलावरून ठाण्याकडे येताना डाव्या-उजव्या हाताला खाडी असते, आणि ठाण्याच्या काठावर ती दगडी भिंत दिसते. ती ठाण्याच्या किल्ल्याची. आज ते मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या लगतच्या तळ्याला आपण जेल तलावच म्हणतो. तो किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला. 1534 शी गल्लत करू नका, परीक्षेत घोटाळा होतो: पोर्तुगीजांना वसई आणि साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली ती 1534 साली. दोनशे वर्षं ते इथे होते. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई. हा भाग आपण सगळे अभिमानाने सांगतो, मीही वर्गात सांगताना कधी खुर्चीवर बसले नाही. पण त्याच वर्षी जुलैत मुंबईकर इंग्रजांनी इंचबर्ड नावाच्या कप्तानाला चिमाजीअप्पांकडे पाठवलं आणि मराठी मुलखात खुल्या व्यापाराचा करार करून घेतला, हे आपण सांगत नाही. करारात वाईट काही नव्हतं. मात्र मुंबईकरांनी साष्टीवरची नजर कधीच काढली नाही. त्यांची बरीच रसद साष्टीवरूनच येत होती.

1773 च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा एकीकडे, त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेले कारभारी, म्हणजे बारभाई, दुसरीकडे. दादा मदतीसाठी इंग्रजांशी बोलू लागले. इंग्रजांनी मदतीची किंमत सांगितली: साष्टी आणि वसई. हे द्यायला दादा आधी तयार नव्हते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. मग मुंबईत बातमी उठली की गोव्याहून पोर्तुगीजांचं आरमार साष्टी परत घ्यायला येत आहे. तेवढं निमित्त पुरलं. डिसेंबर 1774 मध्ये जनरल गॉर्डनची फौज ठाण्यावर आली. 27 तारखेच्या रात्री खंदक भरून आत घुसण्याचा त्यांचा प्रयत्न किल्ल्यातल्या लोकांनी मोडून काढला, सुमारे शंभर गोरे पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

ती माणसं कोण होती, कुठल्या गावची होती, त्यांची नावं आपल्या शहरात कुठे वाचायला मिळत नाहीत. पुण्यात घरची माणसं भांडत होती आणि ठाण्यात ही माणसं भिंतीवर उभी होती. जेल तलावावरून जाताना मला दरवेळी त्यांची आठवण येते.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. मार्च 1775 चा सुरतचा तह, त्यात दादांनी साष्टी आणि वसई लिहून दिली. 1776 चा पुरंदरचा तह. आणि लढाई होऊन, वडगावला इंग्रजांचा पाडाव होऊनसुद्धा 1782 च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, पण साष्टी गेली ती गेलीच. तिच्याबरोबर घारापुरी गेली, कारंजा गेलं. कारंजा म्हणजे आपल्या उरणचं कारंजा. हातास आलं स्थळ त्यांनी सोडलं नाही. आज्ञापत्र लिहून तेव्हा सदुसष्ट वर्षं झाली होती.

ठाण्याचा किल्ला पडण्याची तयारी अठरा वर्षं आधीच झाली होती, असं माझं मत आहे, आणि ते मी ठामपणे सांगते. अमात्यांनी आरमाराला स्वतंत्र राज्यांग म्हटलं: ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र. ते आरमार आंग्र्यांकडे होतं. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरं. त्यांना आवरायची गरज होती, हेही खरं. पण त्यासाठी नानासाहेबांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाली आंग्र्यांचं आरमार एका दिवसात जळून गेलं. विजयदुर्ग ताब्यात आल्यावर इंग्रज तो लगेच सोडायला तयार नव्हते. शेवटी त्याच्या बदल्यात बाणकोट आणि काही गावं घेऊनच हलले. बाणकोट कुठे आहे? सावित्रीच्या खाडीच्या तोंडाशी, समुद्रतीरी. अमात्यांनी जिथे देऊ नका म्हटलं, नेमकं तिथे. आणि कोकणपट्टीवर मुंबईकरांना अडवेल असं जे मोठं आरमार होतं, ते आपल्याच संमतीने जळालं. 1774 च्या डिसेंबरात ठाण्याच्या खाडीत इंग्रजांच्या जहाजांना अडवायला कोण येणार होतं?

म्हणून मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. तुमच्या अभ्यासक्रमात राज्यकारभार आणि आंतरराष्ट्रीय संबंध वेगवेगळ्या मथळ्यांखाली आहेत. तुम्ही त्यांच्या वह्याही वेगळ्या करता. अमात्यांच्या लिखाणात अशी वही फाडलेली नाही. साहुकार, टोपीकर, वतनदार, वृत्ती-इनाम, दुर्ग, आरमार ही सगळी प्रकरणं एकाच हाताने, एकाच काळजीने लिहिलेली आहेत. परका किती आत येईल, हे ते घरात काय चाललंय यावरून ठरवतात.

वतनदारांचं प्रकरण वाचा. देशमुख, कुलकर्णी, पाटील ही सगळी मंडळी त्यांच्या लेखी राज्याचे दायाद, भाऊबंद. आपल्या वाट्याचं असेल तेवढं टिकवायचं, जमलं तर शेजाऱ्याचं घ्यायचं, आणि परकी फौज आली की सगळ्यांत आधी जाऊन तिला भेटायचं, आपलं वतन तेवढं सांभाळून घ्यायचं. असं ते का लिहितात? कारण औरंगजेबाच्या पंचवीस वर्षांत त्यांनी हे रोज पाहिलं. बादशहा वतनाचा कागद देई, की माणूस तिकडे. त्याला इकडे आणायला इकडूनही वतनाचा कागद द्यावा लागे, आणि तसे कागद त्या काळात खुद्द पंतांच्या कारभारातून निघाले आहेत. कागद देऊन माणूस विकत घ्यावा लागतो तेव्हा तो आपला नसतो, हे त्यांना फार महाग पडून कळलं होतं. चाकराला कामाचा मोबदला रोख द्यावा, वंशपरंपरेने जमीन तोडून देऊ नये, हा त्यांचा आग्रह तिथून येतो. आणि किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या कराव्यात, हाही. तुम्हाला उद्या बदलीचा हुकूम येईल, तुम्ही चिडाल. त्या दिवशी दुर्गांचं प्रकरण परत वाचा.

एक गोष्ट मी लपवणार नाही. वंशपरंपरेच्या वृत्तींविरुद्ध लिहिणाऱ्या अमात्यांच्या स्वतःच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. 1714 मध्ये कोल्हापुरात ताराबाई आणि त्यांच्या मुलाला बाजूला करण्याच्या राजकारणातही पंत होते. आणि आज्ञापत्र लिहिलं जात होतं तेव्हा सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झालेल्याच होत्या. मुलाखतीत तुम्ही अमात्यांचं नाव घ्याल, तर हेही सांगा. आज्ञापत्रात रयतेला राज्यात आवाज असावा हा विचार नाही, तो आपल्याला 1950 च्या घटनेने दिला, तोही सांगा. थोर माणसाचा सगळा हिशोब सांगितल्याने त्याचं काही कमी होत नाही.

पण रयत त्यांच्या नजरेत होती. त्या संध्याकाळी आरमाराचं प्रकरण उरणच्या मुलाच्या वाट्याला आलं. गलबतांना लाकूड लागतं, सागवान हवं. ते हुजूर परवानगीने तोडावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं. आंबा, फणस हेही आरमाराला उपयोगी, पण त्यांना हात लावू देऊ नये. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरासारखी बरीच वर्षं जतन करून वाढवली. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार काय? एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती अजिबात करू नये.

मुलगा एकदा वाचून थांबला. "बाई, परत वाचू?" म्हणाला. परत वाचलं. मग पुस्तक मिटलं, बोट पानात तसंच ठेवून, आणि म्हणाला, "आमचे आजोबा चौऱ्यांशीच्या आंदोलनात होते." जानेवारी 1984. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबई यांच्यासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्यानंतर आलं. बंदर 1989 मध्ये सुरू झालं. खोलीत कुणी काही बोललं नाही. आतून माझी सून चहा घेऊन आली, ती दारातच थांबली.

मुलांनो, ते बंदर देशाला हवं होतं, यात मला शंका नाही. अमात्यांनाही गलबतं हवीच होती. एवढी गरज असतानाही आज्ञा लिहिताना धन्याला राजी करून, मोल देऊन, हे शब्द त्यांच्या हातून सुटले नाहीत. तुमच्यापैकी जो भूसंपादन अधिकारी होईल त्याने हे पान घरी उतरून ठेवावं. ज्या गावाची जमीन तुम्ही समाधानाने घेता ते गाव बंदराचं रक्षण करतं. ज्या गावाला तुम्ही लुबाडता, ते पुढे कुणाचंही ऐकायला तयार असतं, आणि वतनदारांच्या प्रकरणात अमात्यांनी हीच भीती सांगितली आहे.

तेच बंदर आता टोपीकरांच्या प्रकरणातून बघा. न्हावा-शेव्यात परदेशी कंपन्या धक्के चालवतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पहिला खासगी धक्का आला तो परदेशी कंपनीच चालवायला आली, पुढे दुबईची आली, 2018 पासून सिंगापूरची आहे. यावर कुणी मला "बाई, ही तर जागा दिली" म्हणालं तर मी म्हणेन, करार वाच. जमीन बंदर प्राधिकरणाची राहते. मुदत ठरलेली असते, साधारण तीस वर्षं. सीमाशुल्क आपलं, सुरक्षा दल आपलं. आमदरफ्त आहे, मालकी नाही. अमात्यांच्या कसोटीला हे उतरतं, असं मला वाटतं. आणि श्रीलंकेचं हंबनटोटा बघा. 2017 साली ते बंदर नव्याण्णव वर्षांसाठी एका चिनी सरकारी कंपनीकडे गेलं. व्यापारी आणि त्याचा खावंद, दोघं एकाच दारातून आत आले. तीस आणि नव्याण्णव यांत फरक काय, असं मुलाखतीत कुणी विचारलं तर सांगा, तीस वर्षांनी करार करणारी पिढी जिवंत असते आणि जाब देऊ शकते.

आपलं सरकारही हा प्रश्न विचारतं. एप्रिल 2020 ची प्रेस नोट 3, म्हणजे परदेशी गुंतवणुकीवरचा सरकारी नियम, तुम्ही सगळ्यांनी वाचली आहे. तिने अट घातली: ज्या देशांची सीमा आपल्या जमिनीला लागून आहे तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची आधी परवानगी, आणि पैसा तिसऱ्या देशातून आला तरी खरा लाभ घेणारा मालक कोण ते बघायचं. खावंद कोण? तोच प्रश्न. तो किती कडक असावा, किती सैल, यावर तुम्ही जरूर वाद घाला. साहुकाराला दारातूनच परत पाठवणं हेही अमात्यांना मान्य नव्हतं, आणि भीतीपोटी आलेला चांगला व्यापार घालवणारा अधिकारी मला आंधळेपणाने सही करणाऱ्याइतकाच नकोसा वाटतो.

तुम्ही म्हणाल, तीनशे वर्षांपूर्वीचा कारभारी आजच्या जगाला पुरणार का? क्षेपणास्त्रं, समुद्राखालच्या केबली, चिपा, कर्ज, व्हिसा, यांतलं त्याला काय माहीत? खरं आहे, उत्तरं तुम्हालाच शोधायची आहेत. पण केबल आपल्या किनाऱ्यावर कुठे लागते, तिची मालकी कुणाची, दुरुस्तीला कोण येणार, बंद पडली तर आपल्याकडे दुसरी आहे का, हे तुम्ही विचाराल तेव्हा तुम्ही अमात्यांच्याच रीतीने विचारत असाल. जागा कुणाला, कुठे, किती दिवस, आणि तिच्या पाठीशी कोणतं बळ आहे.

माझी विनंती साधी आहे. आज्ञापत्र पातळ पुस्तक आहे, दोन रात्रींत वाचून होतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी 1893 पासूनची संस्था आपल्या शहरात आहे, तिथे तुम्ही अभ्यासाला जाताच. नोट्समधल्या एका ओळीवर थांबू नका. आणि जे क्लास चालवतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की एक तास द्या, चार पानं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. मुलांना येतं. मी पाहिलं आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी कळवा पुलाच्या ठाण्याकडच्या टोकाला उभी असेन. ज्यांना यायचं त्यांनी टोपीकरांचं आणि आरमाराचं प्रकरण वाचून यावं. भिंतीचे फोटो काढायचे नाहीत, तुरुंग आहे. आपण फक्त पाणी बघायचं आहे, जहाज इथपर्यंत कसं आलं असेल ते. त्या दिवशी भरती किती वाजता आहे, ते आदल्या रात्री बघून ठेवा.

तुमची,
शनिवारच्या बाई
नौपाडा, ठाणे